मीठ, गूळ आणि पाणी : बांगलादेशाची लोकसंख्या व लोकांचे आरोग्य

भूगोलाच्या पाठात निरनिराळ्या देशांची क्षेत्रफळे व लोकसंख्या यांचे आकडे येतात. विद्यार्थी ते पाठ करतात आणि परीक्षा संपताच विसरूनही जातात. वास्तविक लोकसंख्येचा प्रत्येक आकडा म्हणजे जन्म, मरण, आजार, विवाह व शिक्षण यांचा एकत्रित हिशेब होय. हा हिशेब उलगडून दाखविता आला, तर भूगोल, गणित व आरोग्यशास्त्र हे तीनही विषय विद्यार्थ्यांना एकाच वेळी जिवंत वाटू लागतील. या दृष्टीने आपल्या शेजारच्या बांगलादेशाचे उदाहरण शिक्षकबंधुभगिनींनी नीट समजून घ्यावे असे वाटते. त्या देशात गेल्या पन्नास वर्षांत जे घडले, त्यात औषधांचा व डॉक्टरांचा वाटा आहेच. परंतु शिकविण्याच्या कलेचा वाटाही लहान नाही.

देशाची परिस्थिती

बांगलादेशाचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ४८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी आहे. महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे ११ कोटी २४ लाख होती. बांगलादेशाची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेच्या वेळी १७ कोटींच्या घरात पोहोचली होती. एका चौरस किलोमीटरमध्ये तेथे सरासरी ११०० हून अधिक माणसे राहतात. गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना या महानद्यांनी आणलेल्या गाळाची ही भूमी सुपीक आहे; परंतु त्याच नद्यांचे पूर आणि बंगालच्या उपसागरातील वादळे यांचा तडाखाही तिला वारंवार बसतो. नोव्हेंबर १९७० मधील चक्रीवादळात तेथे लाखो माणसे दगावली. लागलीच १९७१ चे स्वातंत्र्ययुद्ध झाले आणि सुमारे १ कोटी निर्वासित आपल्या देशात आश्रयास आले.

स्वतंत्र झाला त्या वेळी हा देश अत्यंत दरिद्री होता. १९७५ च्या सुमारास तेथील एका स्त्रीला आयुष्यात सरासरी ६.३ मुले होत असत. बालमृत्यू इतके होते की, आपली सर्व मुले जगतील असे कोणत्याही आईबापांना खात्रीने म्हणता येत नसे. या देशाचे पुढे कसे व्हावयाचे, याविषयी जगातील अनेक जाणते लोक निराश होते.

त्यानंतरचे आकडे पाहावेत. दर स्त्रीमागे होणाऱ्या मुलांची सरासरी १९९३-९४ च्या पाहणीत ३.४ वर आणि २०११ च्या पाहणीत २.३ वर आली. २०२२ च्या पाहणीतही ती २.३ च होती. जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्यांची संख्या १९९३-९४ च्या पाहणीत १३३ होती, ती २०२२ च्या पाहणीत ३१ वर आली. देश श्रीमंत होण्याची वाट न पाहता हा बदल सुरू झाला, हे यातील विशेष होय.

अतिसाराने मूल का दगावते?

ज्या आजारांनी त्या देशातील बालके मोठ्या संख्येने दगावत, त्यांत पटकी व इतर प्रकारचे अतिसार हे प्रमुख होते. अतिसारात मूल दगावते ते बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. डोळे खोल जातात, जीभ कोरडी पडते, लघवी कमी होते, नाडी क्षीण लागते आणि काही तासांत प्राणावर बेतते. असे असता पूर्वी पुष्कळ ठिकाणी अतिसार झालेल्या मुलाचे पाणी व अन्नच तोडीत असत.

शिरेतून क्षारयुक्त पाणी दिल्यास रोगी वाचतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु त्यासाठी निर्जंतुक द्रव, सुया, नळ्या व शिकलेला माणूस हवा. खेड्यात हे कोठून मिळावयाचे? तोंडाने नुसते पाणी पाजले तर ते आतड्यात पुरेसे शोषले जात नाही. नुसते मिठाचे पाणीही भागवीत नाही. परंतु मीठ व साखर योग्य प्रमाणात एकत्र असतील, तर आतड्याच्या अस्तरातील पेशी साखरेबरोबर मिठातील सोडियम आत घेतात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत जाते. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये साखर व सोडियम यांचा हा जोडमार्ग दाखवून दिला. अतिसारात आतड्याची इतर कामे बिघडली तरी हा मार्ग पुष्कळसा शाबूत राहतो, हीच त्यातील महत्त्वाची गोष्ट होय.

ढाक्यात पटकीवरील संशोधनासाठी १९६० मध्ये एक प्रयोगशाळा स्थापन झाली होती. तेथे १९६८ मध्ये डेव्हिड नेलिन व रिचर्ड कॅश या डॉक्टरांनी पटकीच्या रोग्यांना साखर व क्षार यांचे पाणी तोंडाने देऊन पाहिले. त्यायोगे शिरेतून द्यावयाच्या द्रवाची गरज फार मोठ्या प्रमाणात कमी होते असे त्यांना आढळले. पुढे १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकीची साथ पसरली, तेव्हा शिरेतून देण्याचा द्रव संपत आला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून ते पिंपांतून उपलब्ध करून दिले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजावयास सांगितले. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते, ते ४ टक्क्यांच्या आत आले. आई, बहीण किंवा शेजारीण यांच्या हातूनही हा उपचार होऊ शकतो, हे यावरून सिद्ध झाले. डॉ. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले व २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. महाराष्ट्रात आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो, ती हीच.

घरोघरची शाळा

उपचार सापडला; परंतु तो लक्षावधी घरांत पोहोचवावयाचा कसा? त्या काळी तयार पुड्या सर्व खेड्यांत पुरविणे अशक्य होते. ‘ब्रॅक’ या बांगलादेशातील स्वयंसेवी संस्थेने असा विचार केला की, घरात जे आहे त्यातूनच द्रव करावयास प्रत्येक आईला शिकवावे. मीठ प्रत्येक घरात होते. साखर नसली तरी गूळ होता. मापाची भांडी मात्र नव्हती. म्हणून हातालाच माप ठरविले. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी असे प्रमाण निश्चित झाले. अर्ध्या शेराची खूण आईच्या स्वतःच्याच भांड्यावर करून देत असत.

१९८० ते १९९० या दहा वर्षांत या संस्थेच्या स्त्री-कार्यकर्त्या गावोगाव हिंडल्या आणि त्यांनी १ कोटी २० लाखांहून अधिक घरांत हा धडा दिला. धडा ठराविक मुद्द्यांचा होता. कार्यकर्ती प्रथम स्वतः द्रव करून दाखवी, मग आईकडून करवून घेई व शेवटी मुद्दे तिच्या तोंडून वदवून घेई. काही काळानंतर तपासनीस येऊन निवडक घरांत आईला तेच प्रश्न विचारीत व तिने केलेल्या द्रवाचा नमुना तपासणीस नेत. आईला किती मुद्दे आठवतात आणि द्रव कसा उतरतो, यावर कार्यकर्तीचे वेतन अवलंबून असे. किती घरे केली यापेक्षा शिकणारीला किती आले, याला या योजनेत अधिक किंमत होती.

यानंतरचा भाग शिक्षकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. तपासणीत बहुतेक आयांनी उत्तरे बिनचूक दिली, द्रवही ठीक केला. परंतु प्रत्यक्ष मूल आजारी पडले त्या वेळी फारच थोड्या आयांनी तो पाजला होता. धडा आला होता, पण आचरणात उतरला नव्हता. संस्थेने कारणे शोधली, तेव्हा तीन गोष्टी आढळून आल्या.

पहिली गोष्ट शब्दाची. कार्यकर्त्या ‘डायरिया’ म्हणत होत्या. परंतु खेड्यातील आया अंगावर पिणाऱ्या अर्भकाचे पातळ शौच, अजीर्ण, आमांश व पटकीसारखे तीव्र ढाळ असे चार निरनिराळे आजार मानीत. ‘डायरिया’ हा शब्द त्या केवळ शेवटच्या आजाराला लावीत आणि म्हणून इतर तीन प्रसंगी द्रव पाजण्याचे त्यांच्या मनातही येत नसे. आपल्याकडेही जुलाब, हगवण, ढाळ, आव असे वेगवेगळे शब्द आहेत आणि प्रत्येक गावाची समजूत वेगळी असू शकते. पाठ्यपुस्तकातील शब्द व घरातील शब्द यांची गाठ घालून दिल्यावाचून आरोग्याचा पाठ पुरा होत नाही.

दुसरी गोष्ट विश्वासाची. स्वतः कार्यकर्त्यांपैकी अनेकींचा या द्रवावर पुरता भरवसा नव्हता. त्या आजारी पडल्या म्हणजे गोळ्या घेत. तेव्हा द्रव कसा काम करतो हे त्यांना नीट समजावून देण्यात आले आणि धडा देताना त्या स्वतःही द्रवाचा घोट घेऊ लागल्या.

तिसरी गोष्ट पुरुषांची. शिक्षण केवळ आयांना दिले गेले होते; घरातील निर्णय मात्र पुरुष घेत आणि त्यांना या द्रवाची काहीच माहिती नव्हती. तेव्हा बाजारात, मशिदींत व शाळांत सभा भरवून पुरुषांना व विद्यार्थ्यांनाही या कामात सामील करून घेण्यात आले. या सुधारणांनंतर द्रवाचा वापर वाढत गेला. पुढे तयार पुड्याही सर्वत्र मिळू लागल्या.

मुले जगू लागली आणि जन्म कमी झाले

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. मुले अधिक जगू लागली तर लोकसंख्या अधिकच वाढणार नाही काय? काही काळ ती वाढते, हे खरे आहे. परंतु मूल जगेल अशी खात्री वाटू लागली म्हणजे अनेक मुले असावीत हा आईबापांचा आग्रह सैल होतो. अर्थात केवळ खात्री वाटून भागत नाही. कुटुंबनियोजनाची साधने व सल्लाही हाताशी असावा लागतो. बांगलादेशात अनेक स्त्रिया परपुरुषांसमोर येत नसत, दवाखानाही दूर असे. म्हणून शासनाने खेड्यांतूनच हजारो स्त्री-सेविका नेमल्या आणि त्या घरोघर जाऊन साधने देऊ लागल्या.

अशा सेवेचा खरोखर उपयोग होतो काय, याची पारख मतलब या ग्रामीण भागात झाली. तेथे १९६६ पासून प्रत्येक घरातील जन्म, मृत्यू, विवाह व स्थलांतर यांची नियमित नोंद ठेवली जात होती. १९७७ पासून तेथील निम्म्या गावांत सेविकांच्या नियमित भेटींची विशेष सेवा सुरू केली आणि उरलेल्या गावांत नेहमीचीच शासकीय सेवा चालू ठेवली. दोन्हीकडचे लोक सारखेच गरीब होते. तरीही विशेष सेवेच्या गावांत साधनांचा वापर लवकर वाढला व जन्म अधिक कमी झाले. जन्ममृत्यूच्या काटेकोर नोंदी नसत्या, तर हा निष्कर्ष कोणालाच काढता आला नसता.

देशभर १९७५ मध्ये विवाहित जोडप्यांपैकी सुमारे ८ टक्के जोडपी कुटुंबनियोजन करीत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण ६४ टक्के होते. या वाटेवर सर्वच गोष्टी निर्दोष होत्या असे नाही. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांना पैसे व कपडे देण्याच्या पद्धतीवर १९८० च्या दशकात टीका झाली. गरिबाची निवड अशा आमिषापुढे मोकळी राहत नाही, हा त्या टीकेचा आशय होता. समजावून दिल्याने व सेवा घरापर्यंत नेल्याने जे साधते, ते टिकते.

मुलींच्या शिक्षणाचाही यात वाटा आहे. १९९४ पासून ग्रामीण भागातील माध्यमिक शाळांतील मुलींना देशभर विद्यावेतन मिळू लागले. त्यासाठी ७५ टक्के उपस्थिती, परीक्षेत ठराविक गुण आणि शालान्त परीक्षेपर्यंत अविवाहित राहणे अशा अटी होत्या. शाळेतील मुलींची संख्या त्यानंतर झपाट्याने वाढली. तथापि बालविवाह थांबले असे म्हणता येत नाही. २०२२ च्या पाहणीत २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्या स्त्रियांचे विवाह १८ वर्षे पूर्ण होण्याआधीच झाल्याचे आढळले.

वर्गात सोडवावयाचे एक गणित

जन्म कमी होऊनही लोकसंख्या कशी वाढत राहते, हे पुढील गणिताने पाचवीच्या पुढील विद्यार्थ्यांस समजेल. एका गावात १०० वृद्ध, २०० प्रौढ व ४०० मुले आहेत असे समजा. एकूण ७००. आता ठरले की, यापुढे दर जोडप्याला दोनच मुले व्हावीत. एका पिढीनंतर जुने वृद्ध जातील, २०० प्रौढ वृद्ध होतील, ४०० मुले प्रौढ होतील आणि त्यांना ४०० मुले होतील. एकूण १०००. आणखी एका पिढीनंतर ४०० वृद्ध, ४०० प्रौढ व ४०० मुले, म्हणजे एकूण १२००. त्यानंतर संख्या स्थिर होईल. दोनच मुलांचा नियम पहिल्या दिवसापासून पाळूनही गाव ७०० वरून १२०० वर गेले. ज्या देशात तरुणांचा भरणा मोठा असतो, तेथे असेच घडते.

सुधारणेतील एक धोका

या देशाच्या इतिहासातील एक दुःखद प्रकरण सांगितल्यावाचून हा लेख पुरा व्हावयाचा नाही. तळी व ओढे यांतील दूषित पाण्यामुळे अतिसार पसरतो, म्हणून १९७० नंतर तेथे लक्षावधी कूपनलिका घेण्यात आल्या. त्यांचे पाणी रोगजंतूंपासून पुष्कळ सुरक्षित होते. परंतु त्यातील अनेक कूपनलिकांच्या पाण्यात जमिनीतूनच आलेले आर्सेनिक, म्हणजे सोमल हे विष होते. त्याला रंग नाही, वास नाही आणि चवही नाही. ते १९९३ मध्ये प्रथम ध्यानात आले. तोपर्यंत लोक वर्षानुवर्षे ते पाणी पीत होते. कित्येकांच्या तळहातांवर व तळपायांवर कठीण गाठी आल्या, काहींना कर्करोगही झाला. पुढे लाखो कूपनलिका तपासून विषारी नळांना लाल व सुरक्षित नळांना हिरवा रंग देण्यात आला. हा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही. पाणी स्वच्छ दिसते एवढ्यावरून ते सुरक्षित मानू नये व प्रत्येक नवा जलस्रोत तपासून घ्यावा, हा यातील बोध होय.

शाळेत काय करता येईल?

१. जलसंजीवनीचा पाठ प्रत्यक्ष करून द्यावा. आरोग्य केंद्रातून मिळणारी पुडी सर्वांत उत्तम. तिच्यावर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ती सबंध विरघळवावी. पुडी नसेल त्या वेळी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ घालावे. चव अश्रूंपेक्षा खारट लागू नये. मीठ अधिक झाले तर अपाय होतो आणि साखर अधिक झाली तर जुलाब वाढू शकतात, म्हणून सपाट चमचा कसा भरावा हे प्रत्येक विद्यार्थ्याकडून करवून घ्यावे. केलेला द्रव २४ तासांनंतर टाकून द्यावा.

२. आजारी मुलाचे अंगावरचे दूध व अन्न तोडू नये, हे स्पष्ट सांगावे. जस्ताच्या गोळ्या आरोग्यसेविकेच्या सल्ल्याने सांगितलेले सर्व दिवस द्याव्यात. शौचातून रक्त पडत असेल, मूल पाणी पीत नसेल, सारखे ओकत असेल किंवा सुस्त पडले असेल, तर द्रव पाजीत पाजीतच त्यास ताबडतोब आरोग्य केंद्रात न्यावे.

३. आपल्या गावात जुलाबाच्या प्रकारांना कोणकोणते शब्द आहेत, ते विद्यार्थ्यांनी आजीला व आईला विचारून लिहून आणावेत. त्या सर्व प्रसंगी हाच द्रव द्यावयाचा, हे फळ्यावर ते शब्द लिहूनच सांगावे. पालकसभेत वडीलमंडळींनाही हा पाठ द्यावा.

४. जन्ममृत्यूच्या नोंदीचे महत्त्व पटवून द्यावे. १९६९ च्या कायद्याप्रमाणे ही नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. ग्रामपंचायतीकडून नुसत्या संख्या घेऊन, कोणाचेही नाव न घेता, गावाचे जन्मप्रमाण वरच्या वर्गात काढता येईल.

५. शाळा सोडून जाणाऱ्या मुलींची यादी शिक्षकांनी स्वतःजवळ ठेवावी आणि नाव कमी करण्यापूर्वी एकवार घरी जाऊन यावे.

पाठ दिल्यानंतर एक महिन्याने कोणतीही पूर्वसूचना न देता विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे की, या महिन्यात घरात किंवा शेजारी कोणाला जुलाब झाले होते काय, आणि झाले असल्यास काय पाजले. या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याचे गुण म्हणून न धरता आपल्या पाठाची तपासणी म्हणून टाचणवहीत नोंदवावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर शब्द, विश्वास व घरातील वडीलमंडळी या तिहींपैकी कोठे अडले ते पाहून पाठ पुन्हा द्यावा. पावसाळा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक शाळेत हा पाठ एकदा तरी व्हावा.